गाळलेल्या जागांविरुद्ध

लखनौला हजरतगंजच्या मागच्या गल्लीत शाळेच्या पुस्तकांचं एक दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारायचे. कौन सा स्कूल? कौन सी क्लास? उत्तर मिळालं की आतून सुतळीने बांधलेला सेट यायचा, इंग्रजीपासून मॉरल सायन्सपर्यंत सगळा, आणि गिऱ्हाईक तो न सोडताच घरी न्यायचं. शाळेने ठरवलेलं पुस्तक उघडून बघण्यासारखं काय असतं?

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "स्कूल नहीं है."

"नाम भूल गईं?"

"नहीं. बच्चे स्कूल नहीं जाते."

दुकानदार साठीचे होते. चष्म्यावरून त्यांनी आधी मला आणि मग माझ्या खांद्यावरच्या कॉलेजच्या पिशवीला बघून घेतलं. "तो किताबें किसके लिए?"

माझ्या मागे उभी असलेली बाई हसली. सरोजिनी नगरहून टेंपोत बसल्यापासून मी माझं वाक्य मनात घोकत आले होते. पण एकच वाक्य घोकलं होतं, दुसरं तयार नव्हतं. मी तशीच वळले आणि रस्त्यावर आले. ही माझी पहिली फेरी.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बाबांच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून लखनौला आलो तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे हेच माझं गाव. बी.ए. झालं होतं, एम.ए.चा फॉर्म बाहेरून भरला होता. माझी थोरली बहीण लग्न होऊनही दोन गल्ल्या सोडून राहायची, मुलींकडे बघायला आई जवळ असावी म्हणून. ताई बँकेत होती. भाऊजी चिनहटच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होते. चिनहट म्हणजे गावाचं दुसरं टोक, कंपनीची बस पकडायला ते पहाटेच निघायचे. त्यांना दोन मुली, एक नऊ वर्षांची आणि एक सात.

थोरली अडखळत बोलायची. घरी कोणाला त्याचं विशेष वाटत नसे. शाळेत मात्र इंग्रजीच्या तासाला बाकाबाकाने धडा वाचायचा असे. थोरली आपल्या पुढची डोकी मोजायची आणि आपल्या वाट्याला कुठली ओळ येणार ते आधीच काढून ठेवायची. एक दिवस एक मुलगी गैरहजर होती आणि हिशेब चुकला. जी ओळ आली तिचा पहिलाच शब्द अडला. बाईंनी सांगितलं, ओळ पुरी होईपर्यंत उभी राहा. तास संपला, गणिताचा तास सुरू झाला, तरी ती उभीच. त्यानंतर पंधरा दिवस ती रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उलटी करत होती. सोळाव्या दिवशी ताईने तिला फाटकावरूनच परत आणलं. दीदी नाही तर मीही नाही, म्हणून धाकटी पण घरी बसली.

भाऊजींना हे पटलं नव्हतं. ते ओरडले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नव्हता. ते म्हणाले, "जूनपर्यंत. जूनच्या शेवटच्या रविवारी मी इन्स्पेक्शन घेणार. माझं समाधान झालं नाही तर जुलैत दोघी परत त्याच शाळेत. मी प्रिन्सिपलबाईंशी बोललोय, त्या जागा ठेवतील."

"आणि तोवर शिकवणार कोण?" आईने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात रिकामी मीच होते.

गणित, विज्ञान मी जुन्या पुस्तकांवर भागवलं. प्रश्न भाषेचा होता. दुसऱ्या फेरीला मी सरळ खोटं बोलले. मी जिथे शिकले त्या शाळेचं नाव सांगितलं, क्लास फोर म्हटलं, आणि सेट मिळाला. त्यात लाल पुठ्ठ्याचं इंग्रजी व्याकरणाचं वर्कबुक होतं. मी त्यातच वाढले होते. बारा वर्षांनंतरही तेच पुस्तक, तीच चित्रं, छत्तीस पानांवर तीच कोंबडी. मला फार बरं वाटलं. या पुस्तकात मी कधी चुकले नव्हते.

ताईने एकच अट घातली. पेन्सिलीने लिहायचं, आणि हलक्या हाताने. थोरलीचं झालं की खोडून धाकटीला. आमच्या घरात हे सांगायची खरं तर गरजही नव्हती. ताईची वर्कबुकं खोडूनच मला मिळाली होती. मराठी माणूस परमुलखात जाऊन काय काय सोडतो त्याची यादी मोठी होईल, पण खोडरबर सोडत नाही.

थोरलीने लाल पुस्तक तीन आठवड्यांत संपवलं. एक चूक नाही. ताईने रविवारी दुपारी पंख्याखाली बसून सगळं पुस्तक खोडलं, खोडरबराचा चुरा फुंकून टाकला आणि धाकटीच्या हातात दिलं. धाकटीनेही सगळं बरोबर लिहिलं. भाऊजींनी रात्री जेवताना पान उलटून पाहिलं आणि ते खूश झाले.

"मेहुणीबाई, प्रॉडक्शन झकास चाललंय. झीरो रिजेक्शन!"

मला ते पचलं नाही. सात वर्षांची मुलगी नऊ वर्षांच्या मुलीचं पुस्तक चूक न करता कसं सोडवते? दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता नुसती बघत बसले. बघत बसणं हे मला येतं. धाकटी प्रत्येक गाळलेल्या जागेशी आली की पुस्तक उचलायची, खिडकीकडे तिरकं धरायची, एक डोळा मिटायची आणि मग लिहायची.

मी पुस्तक घेऊन तसंच तिरकं धरलं. थोरलीचा हात काही हलका नव्हता. खोडलेल्या प्रत्येक शब्दाचा कागदावर खळगा होता. उत्तरपत्रिका तयार होती.

"हे काय?" मी विचारलं.

"दीदी का दिखता है ना, मावशी. मैं बस उसके ऊपर चलाती हूँ." तिला जराही लाज वाटत नव्हती. "मम्मी ने ही तो ऐसे दिया." बालवाडीत ठिपक्यांवरून अक्षरं गिरवायला देतात, तसंच हेही असणार असं ती समजून चालली होती. तिचं काय चुकलं?

मला हसू आलं आणि मग ते थांबलं, कारण मी थोरलीकडे पाहिलं. तिने तर फसवलं नव्हतं. तिला सगळं येत होतं. मी तिला विचारलं, "तुला हे पुस्तक आवडतं?" तिने होकाराची मान हलवली. "का?"

तिने एक बोट वर केलं. "ए-एक ही शब्द लगता है."

मलाही म्हणूनच आवडायचं ते पुस्तक. वाक्य दुसऱ्याने लिहिलेलं असतं. आपण फक्त एक शब्द ठेवायचा, तोही ठरलेला, आणि बाईंची टीक घेऊन खाली बसायचं. मी शाळेची दहा वर्षं अशी काढली, बक्षिसं घेतली, आणि दुकानात माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. लाजाळू मुलांना लपायला गाळलेल्या जागेइतकी उत्तम जागा नाही. आणि मी या मुलीला तीन आठवडे तिथेच बसवून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी ताई मुलींना न्यायला आली तेव्हा मी तिला सांगितलं, हे पुस्तक बंद.

"वेड लागलंय का तुला? तीन महिने राहिलेत. सगळं बरोबर येतंय तर तुला खुपतंय काय?"

"बरोबर येतंय तेच."

"त्यांना टिका दिसायला हव्यात, कळतंय का? तुझ्या तत्त्वज्ञानापायी माझी पोर परत त्या बाकाशी उभी राहील."

"आणि नवीन पुस्तक आणणार आहे. दोन प्रती. दोघी पेनाने लिहितील."

"पुस्तकात पेनाने?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. जणू मी कणकेत रॉकेल ओतणार होते.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी बोललेच नाही तर कोणाला कळत नाही, पण ती बोलली नाही की घराला कळतं. तरी मी मागे हटले नाही. मला तोपर्यंत कधी कोणी हट्टी म्हटलं नव्हतं, शहाणी म्हणत. या शब्दाचा मला कंटाळा आला होता.

तिसऱ्या फेरीला मी दुपारी गेले, दोन ते चारच्या मध्ये, जेव्हा गिऱ्हाईक नसतं. दुकानदार टॉवेल मानेवर टाकून बसले होते. त्यांनी मला ओळखलं.

"आज कौन सा स्कूल?"

"कोई नहीं. मुझे ग्रामर की ऐसी वर्कबुक चाहिए जिसमें लिखने की जगह ज़्यादा हो. जवाब कम छपे हों."

"मतलब खाली जगह चाहिए?"

"हाँ."

"तो कॉपी ले जाइए ना, मैडम," ते म्हणाले आणि कोऱ्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "पूरी खाली है!" आणि स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मागच्या वेळी मी याच्या निम्म्या हसण्याला निघून गेले होते. या वेळी काउंटरशेजारी एक स्टूल होतं, त्यावर मी बसले. "सब दिखाइए," मी म्हटलं. "जितनी हैं."

त्यांनी सात-आठ दाखवली. मी एकेक उघडलं, पानं चाळली आणि प्रत्येकातलं एक पान माझ्या वहीत उतरवायला लागले.

"ये लाइब्रेरी नहीं है, बिटिया. यहाँ बैठ के नकल नहीं होती."

"एक ही पेज ले रही हूँ. बच्चों को करा के देखूँगी. ठीक लगा तो ख़रीदूँगी."

"किताब है कि खरबूजा? सूँघ के लेंगी?"

"जी."

ते बडबडत राहिले, मी उतरवत राहिले. अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण मी उठले नाही. चार वाजता शाळा सुटून गिऱ्हाइकं यायला लागली तेव्हा वही पिशवीत टाकून निघाले. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा गेले.

घरी ती पानं मी मुलींपुढे टाकायची आणि बाजूला बसून बघायची. दोघी माना खाली घालून पाच मिनिटांत पान संपवून मोकळ्या झाल्या की ते पुस्तक बाद. एका पुस्तकात माझा आवडता खेळ, माझा आवडता रंग असले प्रश्न होते आणि उत्तराला दोन बोटांची रेघ. बाद. एकात गोष्ट छान होती, पण खाली तात्पर्यही छापून टाकलेलं. बाद. मग एका पानावर बसस्टॉपवर आपापली छत्री धरून उभे असलेले दोन म्हातारे होते आणि सूचना एवढीच की हे दोघे काय बोलत असतील ते लिहा. त्यावरून मुलींचं भांडण जुंपलं. धाकटी म्हणे ते सख्खे भाऊ आहेत, थोरली म्हणे ते एकमेकांना ओळखतच नाहीत. "ओ-ओळखत असते तर एकाच छत्रीत उभे राहिले असते," ती म्हणाली. मराठीत, पूर्ण वाक्य, आणि अडखळल्याचं तिचं तिलाही भान नव्हतं. भांडण जेवणापर्यंत चाललं. आईने दोघींना उठवलं तेव्हा पान अर्धंही झालं नव्हतं.

मला माझं पुस्तक सापडलं होतं. दुकानात ते पुन्हा सगळ्यात वरच्या फळीवर गेलं होतं, धुळीत.

"ये किसी स्कूल ने नहीं लगाई," दुकानदार शिडीवरून म्हणाले. "कब से पड़ी है."

"क्यों नहीं लगाई?"

"टीचर लोग कहती हैं, जाँचने में बहुत टाइम लगता है. हर बच्चे का जवाब अलग आता है."

"दो दे दीजिए."

"दो क्या करेंगी? एक में लिखवाइए, फिर मिटा के छोटी को…"

"नहीं," मी म्हटलं. "दो."

एप्रिल, मे, जून आम्ही तिघी त्या पुस्तकात होतो. इंग्रजी वर्कबुक, पण मी एक ठरवलं होतं की उत्तर कुठल्याही भाषेत चालेल. पहिल्यांदा ज्या भाषेत सुचेल त्यात लिहायचं, मग हवं तर दुसऱ्या भाषेत. लखनौत मराठीची वर्कबुकं मिळत नव्हती आणि साताऱ्याहून कोणीतरी आणलेल्या सरकारी पुस्तकातलं गाव या मुलींनी कधी पाहिलंही नव्हतं. त्यामुळे पानांवर तिन्ही भाषा एकत्र नांदायला लागल्या, खाडाखोड तर विचारूच नका. मी टीक केली नाही. चूक दिसली की समासात बारीक टिंब काढायची आणि ती शोधायचं काम त्यांचं. मोठ्याने वाचायला मात्र मी कधी सांगितलं नाही. ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. थोरलीला विचारलं नव्हतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी भाऊजी आंघोळ करून, लाल पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. कूलर घरघरत होता. ताईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि त्यांच्याच मागे उभी राहिली, म्हणजे तिचा चेहरा त्यांना दिसू नये. त्यांनी थोरलीचं पुस्तक उघडलं. चार पानं उलटली. मग मागून उलटली.

"टिका कुठेयत?"

"नाहीत," मी म्हटलं.

"बरोबर किती, चूक किती?"

"मोजलं नाही."

"आणि हे हिंदीत काय? हे मराठीत? इंग्लिशचं पुस्तक आहे ना हे?" त्यांनी पेनाचं टोपण काढून परत लावलं. "मेहुणीबाई, मी असा माल न तपासता पुढे सोडला तर कंपनी मला घरी बसवेल."

"मग बसा ना. आम्ही तिघी आहोतच."

हे मी म्हटलं. आईने माझ्याकडे वळून बघितलं. भाऊजींनाही वाटलं असावं की दुसरंच कोणीतरी बोललं. ते क्षणभर हसले, आणि मग हसू पुसून म्हणाले, "बरं. थोरले, यातलं कुठलंही एक पान वाचून दाखव."

"वाचायला लावायचं नाही," मी म्हटलं.

"कोणी ठरवलं?"

"मी."

"तुम्ही जन्मभर हिच्या पुढे उभ्या राहणार आहात का?"

मी पुस्तकावर हात ठेवला. मला खरंच माहीत नव्हतं पुढे काय करायचं. ताई हलली नाही. तेवढ्यात माझ्या हाताखालून पुस्तक ओढलं गेलं. थोरलीने ते घेतलं होतं. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. माझ्याकडे, बापाकडे नाही.

तिने एक पान काढलं. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल दुकानदाराला तक्रारीचं पत्र लिहा, असं ते पान होतं. तिने हिंदीत लिहिलं होतं. ती उभी राहिली नाही, खुर्चीवर मांडी घालून बसली आणि वाचायला लागली.

"महोदय, आपकी दुकान से ली हुई छ… छ… छ…"

"छतरी," भाऊजी म्हणाले.

ती थांबली. पहिल्यापासून सुरू केलं. "महोदय, आपकी दुकान से ली हुई छ… छ…"

"छतरी. हाँ, आगे."

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. "पापा," ती म्हणाली, "आप म-मत बोलिए. मेरी छ-छतरी है."

धाकटी फिसकन हसली. दुसरं कोणी हसलं नाही. भाऊजी खुर्चीत मागे टेकले. थोरलीने तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं. छतरी फक्त घरात उघडते. बाहेर नेली की उघडत नाही. अंगणात नेऊन पाहिली, गच्चीवर नेऊन पाहिली. शेजाऱ्यांपुढे तर दांडीच हलत नाही. पत्र एक पानाचं होतं. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण चहावर साय धरली आणि ती कोणी काढली नाही. प्रत्येक अडलेल्या शब्दाशी भाऊजींचे ओठ हलायचे, शब्द तयार व्हायचा, आणि ते तोंड मिटून घ्यायचे. ते बघताना मला कळलं की शब्द पुरवण्याची सवय मोडणं किती अवघड असतं. मीही तेच करत आले होते, फक्त माझी पद्धत वेगळी होती. मी तिला वाचूच देत नव्हते.

"मुझे दूसरी छतरी नहीं चाहिए," तिने शेवट वाचला. "आप एक बार आकर देख लीजिए. आपकी ग्राहक."

"हो गया?" धाकटी म्हणाली. "अब मेरा सुनो!" आणि तिने आपलं पुस्तक बापाच्या पोटावर आपटलं. तिची तक्रार एका कोंबडीबद्दल होती आणि ती ओरडून वाचत होती. भाऊजींना दोन्ही पुस्तकं जेवणाच्या वेळेपर्यंत ऐकावी लागली. लाल पेन टेबलावर तसंच पडून होतं.

"शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका आहेत," उठताना ते मला म्हणाले.

"आहेत."

"त्यांचं काय?"

"ती शोधते आहे. सगळ्या सापडल्या की सांगेन."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तो आठवडा ताई आणि मी त्यांच्या चपलांच्या आवाजावरून निकाल काढायचा प्रयत्न करत होतो. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी ताईकडे मुलींबरोबर पुढच्या खोलीत बसले होते. शाळेतून फोन आला. भाऊजींनी घेतला. पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं.

"जी नहीं, मैडम," ते शेवटी म्हणाले. "सीट किसी और को दे दीजिए." मग थोडं थांबून, "नहीं, बीमार नहीं है. बिल्कुल ठीक है." आणखी थांबून, जरा चढ्या आवाजात, "बोलती है, मैडम. टाइम लगता है, बस."

फोन ठेवून ते दारात आले. थोरली लिहीत होती, तिने वर बघितलं नाही. ते तिच्याशी नाही, माझ्याशी बोलले.

"डिसेंबरात परत इन्स्पेक्शन."

"घ्या," मी म्हटलं.